प्रवासात असलेल्या लेखकाची साठी

हे हात दाखवून अवलक्षण होणार, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. पण लेखकाच्या बायकोचं ऐकायचं नाही असा नियमच असावा. निदान आमच्या घरात तरी होता.

स्टॉकहोमपासून लांबच्या आमच्या डाल्सलंडात पन्नाशी, साठी, सत्तरी ही काही घरातल्या घरात उरकायची गोष्ट नव्हे. जिल्ह्याच्या पेपरात नाव छापून येतं आणि त्या दिवशी सगळं गाव न बोलावता येतं. बोलावणं धाडलंत तर उलट कमीपणा. आपण दार उघडं ठेवायचं, कॉफीचं भांडं चुलीवरून उतरू द्यायचं नाही आणि सात तऱ्हेची बिस्किटं मांडायची. सहा केलीत तर चिक्कू ठरता, आठ केलीत तर शेखी मिरवता. ज्याला ही जत्रा नको असेल त्याने आधी पेपरात दोन ओळी द्यायच्या, की सत्कार नको, मी प्रवासात आहे. मग तो माणूस स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसला असला तरी प्रवासातच असतो. त्याच्या फाटकाला कुणी हात लावत नाही.

माझ्या नवऱ्याला, आल्गोट ब्रुनमार्कला, त्या फेब्रुवारीत साठ वर्षं पुरी होणार होती.

आल्गोट म्हणजे लाकडाच्या गिरणीत फळ्या रचणाऱ्या बापाचा पोरगा. शिक्षण बेताचंच. गिरणीच्या कचेरीत कारकुनी करता करता त्याने नदीतून ओंडके वाहून नेणाऱ्या माणसांवर एक कादंबरी लिहिली आणि ती स्टॉकहोमला एकदम गाजली. समीक्षकांनी लिहिलं, हा लेखक प्रामाणिक आहे. बस्स, तेवढा एक शब्द ह्याच्या डोक्यात गेला तो कायमचा. डोळ्यांनी पाहिलं नाही आणि कानांनी ऐकलं नाही ते लिहायचं नाही, अशी शपथच घेतली त्याने. पहिलं पुस्तक वाचून मी त्याच्या प्रेमात पडले. दुसरं वाचेपर्यंत लग्न झालं होतं. पदरी पडलं पवित्र झालं.

पुढे वर्षाआड शरद ऋतूत एक कादंबरी यायची. एकीचं डॅनिश भाषांतरही झालं. गावात तो 'लेखक ब्रुनमार्क' झाला. आमच्याकडे तोंडावरसुद्धा माणसाशी हुद्द्यानेच बोलतात, 'लेखक ब्रुनमार्क कॉफी घेणार ना?' असं, जणू तो शेजारच्या खोलीत आहे. डॉक्टरची बायको डॉक्टरीणबाई, पाद्र्याची पाद्रीणबाई. लेखकाच्या बायकोला काय म्हणायचं हे मात्र गावाला कधी सुचलं नाही. 'लेखिका' म्हणावं तर लिहीत तर मी नव्हते. मी शाळेत लहान मुलांना अक्षरं शिकवायची, घरी येऊन चूल पेटवायची आणि तो लिहीत असला की मांजरासारखी पावलं टाकायची. तीस-एक वर्षं अशी पावलं टाकून पहा म्हणजे पोटऱ्यांना काय होतं ते कळेल.

मग वारं फिरलं. स्टॉकहोमला नवे समीक्षक आले. ते अजूनही 'प्रामाणिक' असंच लिहायचे, पण दिसायला बेताच्या मुलीला 'स्वभावाने मात्र चांगली आहे हो' म्हणतात तसं. प्रकाशकाचे फोन थांबले. दर फेब्रुवारीत पुस्तकांच्या दुकानात उरलेला माल स्वस्तात काढतात, त्या ढिगात आल्गोट दिसू लागला. तालुक्याला गेलो की तो त्या दुकानावरून जाताना दुसऱ्या बाजूला बघायचा. मीही बघायची.

आणि एक कादंबरी कित्येक वर्षं अडून बसली होती. ती त्याच्या आईवर होती. आल्गोट नऊ वर्षांचा असताना ही बाई एका सकाळी चर्चला जायचे बूट घालून, कागदात गुंडाळलेलं काहीतरी बगलेत धरून घराबाहेर पडली. काही दिवसांनी परत आली, ॲप्रन बांधला आणि कणीक मळायला घेतली. कुठे गेली होती ते मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. आल्गोटने तिला दारापर्यंत सुरेख लिहिली होती. ती उंबरठ्यावर उभी राहते आणि पान संपतं. पुढचं त्याने पाहिलं नव्हतं ना!

"अरे, बनव की काहीतरी," मी एकदा म्हटलं होतं. "कादंबरीच आहे ती, कोर्टातली साक्ष नाही."

"मी बनवत नाही, तीरा," तो म्हणाला. "ते बाकीचे करतात."

पन्नाशीला आमचं घर फुलून गेलं होतं. खांबावर झेंडा चढवला होता, चर्चचं गायनमंडळ पहाटेच येऊन गायलं होतं, प्रकाशकाचा माणूस चांदीचं तबक घेऊन आला होता. साठी जवळ आली तसा आल्गोट जेवेनासा झाला. मग जानेवारीत एके दिवशी म्हणाला, पेपरात नोटीस देतो.

"कशाला?" मी विचारलं.

"समजा, नाही दिली आणि कुणीच आलं नाही, तर?"

"तर कळेल आपल्याला."

"तेच कळायला नकोय मला." मग म्हणाला, "आणि ज्यांना खरंच यायचं असेल ते नोटीस वाचूनही येतात. स्टॉकहोमला मोठमोठ्या लेखकांकडे येतातच की."

"हे स्टॉकहोम नाही, बाबा. इथे 'बर्फावरून चालू नये' अशी पाटी लावली तर लोक उन्हाळ्यातही तिकडून जायचे नाहीत."

"बघू," तो म्हणाला. आणि मग खिडकीकडे बघत, मला ऐकू येईल न येईल असं, "कुणी आलं तर आईचं पुस्तक पुरं करीन. नाही आलं तर ती पानं चुलीत. पुरे झालं आता."

हे त्याने एकदाच म्हटलं, पण मी त्याला ओळखते. त्या अडलेल्या कादंबरीशिवाय आल्गोट म्हणजे नुसता खुर्चीत बसलेला म्हातारा. त्या म्हाताऱ्याबरोबर राहायची मला मनापासून भीती वाटली.

त्या दोन ओळींवर तो आठवडाभर बसला. 'कृपया' घालावं की नको, यात एक दिवस गेला. 'प्रवासात आहे' की 'प्रवासात असेन', यात दोन. मी वैतागले, पण आतून बरंही वाटलं. कितीतरी दिवसांनी तो कागदावर वाकलेला दिसत होता. शेवटी छापून आलं: 'माझ्या साठीनिमित्त कोणताही सत्कार नको. प्रवासात आहे. आल्गोट ब्रुनमार्क, लेखक.' आयुष्यात त्याने छापलेलं हे पहिलं खोटं.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी बर्फ पडून थांबला होता. मी सातही तऱ्हेची बिस्किटं भाजली होती. वाढदिवसाच्या सकाळी आल्गोट काळा सूट चढवून खाली आला आणि रस्त्याकडच्या सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढले.

"झेंडा चढवू का?" मी विचारलं.

"प्रवासात असलेला माणूस झेंडा चढवतो का?"

"प्रवासात असलेला माणूस काळा सूट घालून स्वतःच्या स्वयंपाकघरात बसतो का?"

आम्ही मागच्या बाजूला, स्वयंपाकघरात बसलो. मी कॉफी उकळली. फोन वाजला. मी उठले तर त्याने माझी बाही धरली.

"नको उचलूस. आपण नाही आहोत."

"आणि दारावर कुणी आलं तर कोण उघडणार? मांजर?"

"दारावर आलं तर वेगळं. दारावर येणारा नोटीस मोडून आलेला असतो."

फोन वाजून वाजून थांबला. मी कॉफी पुन्हा गरम केली. आल्गोट घटकेघटकेला मान वळवून ऐकायचा. छपरावरून बर्फ सरकला तरी उठून टाय नीट करायचा. दुपार कलली. दारावर टकटक नाही, पायरीवर पाऊल नाही. मनातले मांडे मनातच राहिले. अंधार पडायला लागला तेव्हा त्याने टाय सोडला आणि घडी घालून टेबलावर ठेवला.

"आता हे विसरले म्हणून आले नाहीत, की मी नको म्हटलं म्हणून आले नाहीत?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत?"

"मलाही कळणार नाही," तो म्हणाला. "कधीच. मीच तशी सोय केली."

वर गेला, आईच्या कादंबरीचा गठ्ठा घेऊन आला आणि सरपणाच्या पेटीत, ढलप्यांवर ठेवला. "सकाळी चूल पेटवायला घे."

मी भांडायला हवं होतं. पण खरं सांगते, अंगात त्राण नव्हतं. माणसाच्या मनासारखं व्हावं म्हणून दिवसभर ताठ बसून राहण्याने जो शीण येतो तो कपडे धुतल्यानेही येत नाही. मी बिस्किटांवर फडकं टाकलं आणि झोपायला गेले.

सकाळी चूल पेटवली ती जुन्या पेपरानेच. पानांच्या खालून सरपण ओढून काढलं आणि पानं तिथेच राहू दिली. मग आजचा पेपर आणायला फाटकाशी गेले, आणि तिथेच उभी राहिले.

फाटकाच्या आत बर्फ जसाच्या तसा, वर चिमणीचंही पाऊल नाही. आणि बाहेर? बाहेर बाजार भरून गेल्यासारखा बर्फ तुडवलेला. मोठे बूट, लहान बूट, काठीची भोकं, घसरगाड्यांच्या रेघा. सगळी पावलं फाटकापर्यंत आलेली, तिथे घुटमळलेली आणि मागे वळलेली. एका बाजूला अर्ध्या गोलात, ओळीने उभं राहिल्याच्या खुणा. गायनमंडळाशिवाय असं कोण उभं राहणार?

"आल्गोट!" मी ओरडले. "आल्गोट, बाहेर ये! आहेस तसा ये!"

तो सपाता घालूनच आला. बघितलं. बराच वेळ बघत राहिला.

तेवढ्यात रस्त्याने सिग्ब्रित येताना दिसली. आमच्या वाण्याच्या दुकानाची मालकीण, विधवा, गावात काय चाललंय ते गावाच्या आधी कळणारी. आमच्यासमोर थांबली आणि चेहऱ्यावरची रेघही न हलवता म्हणाली, "लेखक ब्रुनमार्क आले वाटतं प्रवासाहून?"

आल्गोटचे कान लाल झाले. "हो. म्हणजे... आत्ताच."

"वा, वा. बाईंना मानवला ना प्रवास?"

"सिग्ब्रितबाई," मी म्हटलं, "काल इथे कोण कोण आलं होतं?"

"कोण नाही ते विचारा. मी केक घेऊन आले होते. गिरणीतले सगळे होते. चर्चचे कँटर इव्हाल्ड गायनमंडळ घेऊन आले, चार आवाजांतलं गाणं बसवून. दोन आठवडे घसा खरवडत होते बिचारे. मी फोनसुद्धा केला आधी, म्हटलं चुकून घरी असले तर."

"मग आत का नाही आलात? धूर दिसत होता ना धुराड्यातून?"

"दिसत होता तर. इव्हाल्ड म्हणाले, धूर आहे. मी म्हटलं, धूर आहे, पण माणूस प्रवासात आहे." तिने आल्गोटकडे पाहिलं. "लेखक ब्रुनमार्कांनी स्वतः लिहिलंय म्हटल्यावर ते खोटं कसं असेल? ते कधी खोटं लिहीत नाहीत, हे पोराटोरांनाही माहीत आहे."

"आता तरी या," मी म्हटलं. "कॉफी तयार आहे."

"छे, छे! प्रवासाहून दमून आलेल्या माणसांना कशाला त्रास?" असं म्हणून ती दुकान उघडायला निघून गेली.

आल्गोट फाटकाला धरून उभा होता. "तीरा," तो म्हणाला, "माझं लिहिलेलं अख्ख्या गावाने शब्दन् शब्द वाचलं."

"वाचलं. पण कळलं मात्र नाही."

"ते नेहमीचंच," तो म्हणाला आणि हसायला लागला. हसता हसता त्याचा आवाज फाटला. मी त्याचं डोकं खांद्याशी धरलं. मला त्याची कीव आली आणि असा संताप आला, की त्याच्यासकट सगळं गाव एका टोपलीखाली झाकून ठेवावं.

घरात आलो तर टेबलावर फडक्याखाली सात तऱ्हेची बिस्किटं.

"हे मी कोंबड्यांना घालणार नाही," मी म्हटलं. "बूट घाल. चल."

"कुठे?"

"ते आले होते ना? आता आपण जायचं."

"कोणत्या तोंडाने जाऊ?"

"प्रवासाहून आलेल्या तोंडाने. प्रवासाहून आलेला माणूस खाऊ घेऊन येतो."

मी डबे भरले, पायाने रेटायच्या घसरगाडीवर बांधले. तो मागून गाडी रेटत निघाला, काल घातलेल्या काळ्या सुटात, फाशी जायला निघाल्यासारखा.

पहिलं घर गिरणीच्या जुन्या मुकादमाचं, तोर्स्तेनचं. त्याने आल्गोटला आत बसवलं, बिस्किट घेतलं, पाहिलं, ठेवलं आणि विचारलं, "मग, लेखक ब्रुनमार्क कुठवर जाऊन आले?"

झालं. मी माझ्या बुटांकडे बघत बसले. हे सगळं गाव सोंग करत होतं आणि त्या सोंगात प्रेम होतं, एवढं मला कळत होतं. पण हा प्रामाणिक माणूस आता उठून कबुली देणार आणि सगळ्यांचाच पचका करणार, अशी माझी खात्री होती.

"कोपनहेगन," आल्गोट म्हणाला.

"असं! समुद्र कसा होता?"

"खवळलेला."

"फेब्रुवारीत असतोच," तोर्स्तेन समाधानाने म्हणाला. तो जन्मात तळ्यापलीकडे गेला नव्हता.

सिग्ब्रितच्या दुकानात त्या समुद्राला वारा लागला. बोटीवरचा खलाशी एका डोळ्याने चकणा निघाला आणि त्याने बाईसाहेबांची टोपी उडताना पकडली. बाईसाहेब म्हणजे मी. दुकानातली गिऱ्हाइकं माझ्याकडे वळून बघायला लागली. मी मान हलवली, हो, पकडली. आल्गोटने माझ्याकडे चोरून पाहिलं. त्या नजरेत काय होतं सांगू? पहिल्यांदाच दुसऱ्याच्या झाडाचं सफरचंद खाल्लेल्या पोराची नजर होती ती.

शेवटचं घर कँटर इव्हाल्डचं, चढावर. तिथवर माझे पाय मोडून आले होते. इव्हाल्ड चर्चचा ऑर्गन वाजवायचा. एकटा राहायचा, मोठा भाविक आणि हट्टी म्हातारा. त्याने कॉफी ओतली आणि सरळ मुद्द्याला हात घातला. "कोपनहेगनचं ऐकलं मी सिग्ब्रितकडून. बोटीवर आणखी कोण होतं?"

आल्गोटने कप खाली ठेवला. "एक बाई होती," तो म्हणाला. "डेकवर, कठड्यापाशी. चर्चला घालायचे बूट घातलेली. बगलेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी."

माझा हात डब्याच्या झाकणावर थबकला.

"एकटीच?" इव्हाल्डने विचारलं.

"एकटीच. घरी चार पोरं टाकून आली होती. मोठा नऊ वर्षांचा. ती कुणाशी बोलली नाही. बोट बंदराला लागली, फळी टाकली, माणसं उतरायला लागली. ती फळीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली."

तो थांबला. इतकी वर्षं तो तिथेच थांबत होता. आता हा म्हणेल, पुढचं मी पाहिलं नाही. हे म्हणाला की संपलं, मग ती पानं खरंच चुलीत जातील आणि मलाच घालावी लागतील.

"मग?" इव्हाल्ड म्हणाला. "उतरली की नाही?"

आल्गोटने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, माझ्या पायांकडे पाहिलं. चढ चढून आल्यापासून मी उभीच होते, हे त्याला तेव्हा दिसलं असावं. तो उठला, भिंतीजवळची खुर्ची ओढली, माझ्यामागे ठेवली आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला.

"उतरली," तो म्हणाला. "बंदरावर एक साधं कॉफीचं दुकान होतं. तिथे गेली. तिने कागद सोडला. आत तिचा स्वतःचा कप होता, घरचा. तो टेबलावर ठेवला आणि म्हणाली, ह्यात ओता. दुकानदाराने ओतली. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणीतरी तिला कॉफी ओतून दिली."

"आणि मग?"

"मग काही नाही," आल्गोट म्हणाला. "दमली होती. बसली."